पन्नास रुपयांचं झाड

काही क्रेडिट कार्डांवर हिरवं पान छापलेलं असतं, काहींवर वाघ, काहींवर सबंध पृथ्वी. सोबत एक वचन असतं : तुम्ही नेहमीसारखी खरेदी करा, त्यातला काही अंश आम्ही झाडांसाठी, वन्यप्राण्यांसाठी देऊ. किराणा भरायचा, बूट घ्यायचे आणि जाता जाता जंगलही वाचवायचं. इतकी सोपी कल्पना कवीलाही सुचत नाही. म्हणून ती जरा उलटून पाहावीशी वाटते.

ही कल्पना लोकप्रिय झाली ती अमेरिकेत. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याची डागडुजी व्हायची होती. १९८३ साली अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीनं जाहीर केलं, की आमचं कार्ड वापरलं की दर वेळी एक सेंट आणि नवं कार्ड घेतलं की एक डॉलर पुतळ्याला. सुमारे १७ लाख डॉलर जमले. कार्डाचा वापरही २८ टक्क्यांनी वाढला. पुतळ्याचं भलं झालं, कंपनीचंही झालं. यात पाप काही नाही. पण हा जाहिरातीचा कार्यक्रम होता आणि दान हा त्याचा एक भाग होता, हा क्रम विसरू नये.

पुढे पर्यावरणाची पाळी आली. सॅन फ्रान्सिस्कोत १९८५ साली सुरू झालेल्या वर्किंग असेट्सच्या कार्डातून शांतता, मानवी हक्क, पर्यावरण अशा कामांना पैसे जाऊ लागले. ब्रिटनच्या को-ऑपरेटिव्ह बँकेनं १९९७ साली ग्रीनपीससाठी काढलेलं कार्ड तर मातीत विरघळून जाणाऱ्या पदार्थाचं होतं. कार्ड विरघळतं, त्यावर घेतलेल्या वस्तूंचं काय, हा प्रश्न उरतोच.

आता हिशेबाकडे येऊ. तुम्ही कार्डानं १०,००० रुपयांची वस्तू घेतली, तर दुकानदाराच्या हाती पूर्ण १०,००० पडत नाहीत. साधारण दोनेक टक्के बँका आणि कार्डाचं जाळं चालवणारी कंपनी यांच्यात वाटले जातात. म्हणून तर काही दुकानांत ‘कार्ड असेल तर दोन टक्के वरती’ असं ऐकावं लागतं. यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. एरवी त्यातून ती तुम्हाला पॉइंट देते, सूट देते. हिरव्या कार्डात तोच तुकडा संस्थेकडे जातो. म्हणजे दान तुमचंच, नाव मात्र बँकेचं.

समजा, हा तुकडा अर्धा टक्का आहे. १०,००० रुपयांवर ५० रुपये झाले. आणि समजा, बिल वेळेवर भरायचं राहिलं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर महिनाभराचे ३५० रुपये; त्यावर १८ टक्के जीएसटी, ६३ रुपये. झाडाला पन्नास आणि थकबाकीपायी चारशे तेरा! आमच्या समाजात व्याज देणं-घेणं दोन्ही वर्ज्य मानतात. त्यामुळे आमच्याकडचे काही कार्डवाले शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधीच बिल चुकतं करतात. हिरवं कार्ड वापरायचंच असेल, तर ही सवय कुठल्याही धर्माच्या माणसाला परवडेल.

त्यापेक्षा ते ५० रुपये सरळ एखाद्या रोपवाटिकेला का देऊ नयेत? जरूर द्यावेत. पावती तुमच्या नावाची मिळेल. पण आपण देत नाही, राहून जातं, हेही खरं आहे. आपोआप जाणारा पैसा जातो तरी. या कार्डांच्या बाजूनं बोलायचं तर हाच एक मुद्दा मला वजनदार वाटतो.

आणि हा मुद्दा आपल्या बाजारपेठांना नवा नाही. आपल्याकडचे व्यापारी बिलात मालाच्या किमतीखाली ‘धर्मादाय’ म्हणून एक छोटी रक्कम लावत. तिच्यातून पांजरपोळ चालत, धर्मशाळा चालत. मुंबईचं पांजरपोळ १८३४ सालचं. त्याच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी मालावर लागा बसवला होता. ही धर्मादायाची रक्कम व्यापाऱ्याचं उत्पन्न धरायची का, असा वाद हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या निमित्तानं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयानं सांगितलं, की हा पैसा गिऱ्हाइकानं धर्मादायासाठी म्हणूनच दिलेला आहे. व्यापारी तो केवळ सांभाळतो. मला हा निकाल कवितेइतका आवडतो. बिलावर वेगळी ओळ होती, रक्कम होती, कारण होतं. हिरव्या कार्डाच्या मासिक पत्रकात अशी ओळ आहे का, हे आधी पाहावं. कोणत्या संस्थेला, किती टक्के, वर्षाला कमाल किती, एवढं बँकेनं लिहून दिलं पाहिजे.

कारण झाडं मोजणं फार सोपं असतं, लावणं अवघड. अमेरिकेतली अ‍ॅस्पिरेशन ही कंपनी खरेदीची रक्कम पुढच्या पूर्ण डॉलरपर्यंत नेऊन त्या चिल्लरीतून झाडं लावण्याची सोय देत असे. २०२१ साली पत्रकारांनी शोध घेतला तेव्हा लावलेल्या म्हणून सांगितलेल्या झाडांत अजून न लावलेलीही निघाली. २०२५ साली कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या एका संस्थापकानं गुन्हा कबूल केला तो मात्र गुंतवणूकदारांना फसवल्याचा. झाडांच्या हिशेबाचा नव्हे. झाडं कोर्टात जात नाहीत.

आमच्याकडे म्हणतात, की लावलेल्या झाडाचं फळ पाखरानं खाल्लं तरी तो सदका ठरतो. पण त्यासाठी झाड असावं लागतं, आणि पाखरू येईपर्यंत ते जगावं लागतं.

या सगळ्या कार्डांत एकच मला खरोखर वेगळं वाटलं. स्वीडनच्या डोकोनॉमी कंपनीनं २०१९ साली अशा कार्डाची घोषणा केली, की जे खरेदीमागचा कर्बवायू मोजेल आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की खात्यात पैसे असूनही व्यवहार नाकारेल. बाकीची कार्डं ‘घ्या, घ्या’ म्हणतात. हे ‘पुरे’ म्हणणारं. मी मोठ्या कौतुकानं हे भाच्याला सांगितलं. त्याच्या पाकिटात तीन कार्डं आहेत. तो म्हणाला, “मामू, ते काम आमच्या घरी अम्मी करते. वार्षिक फी न घेता.”