लेसरचा खेळ आणि डोळ्याचे मोल



आम्ही पदार्थविज्ञान शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा सुरुवात शेजारच्या उद्यमनगरातील वेल्डरपासूनच करतो. काळी काच न धरता आर्ककडे पाहिले, तर रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे खुपते. पण ही इजा वरवरची. बहुधा एकदोन दिवसांत भरून येते. लेसरचे उलट आहे. डोळ्याचे भिंग तो किरण एका बिंदूवर एकवटते आणि मागचा पडदा भाजून निघतो. पडद्याला वेदना नाही, आणि तेथे जळलेले पुन्हा उगवत नाही. २०२४ च्या गणेशोत्सवात आपल्याच कोल्हापुरात मिरवणुकीतील लेसरने एका तरुणाच्या डोळ्यात रक्तस्राव झाला.

मग हा प्रकाश बंदच करावा काय? धोका आहे म्हणून आम्ही कधी यंत्र मोडीत काढा म्हटले नाही. त्याला जाळी बसवा म्हटले. १ मिलिवॉटच्या लेसरपासून पापणी डोळा वाचवते, कारण ती पाव सेकंदात मिटते. ५०० मिलिवॉटच्या वर सर्वांत घातक, चौथा वर्ग लागतो. खेळातील मोठी यंत्रे या वर्गातली. तेथे पापणी मिटेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून आंतरराष्ट्रीय संकेत असा की, किरण प्रेक्षकांच्या जमिनीपासून निदान ३ मीटर उंच आणि बाजूने अडीच मीटर दूर असावा. यंत्र घट्ट बांधलेले असावे, किरणाच्या वाटेत आरसा वा चकचकीत पत्रा नसावा, फिरता किरण अडकला तर तो आपोआप विझावा.

आता आपला मुख्य रस्ता डोळ्यांपुढे आणा. ३ मीटरवर तर गॅलऱ्या आहेत, आणि त्यांत मुलेबाळे घेऊन माणसे उभी! शिवाय ट्रॉली खड्ड्यात हेलकावली की किरण गर्दीवर उतरतो. म्हणजे हा खेळ बंदिस्त रंगमंचाचा. चालत्या मिरवणुकीचा नव्हे.

आणखी एक गोष्ट. यंत्रामागे बसलेला मुलगा रात्रीच्या मजुरीवर आलेला असतो. ‘गर्दीवर मार’ अशी आरोळी उठली, तर नाही म्हणण्याची त्याची काय प्राज्ञा? तत्काळ बंद करण्याचे बटण त्याच्या हाताशी असावेच. पण ते दाबल्याबद्दल मजुरी कापली जाणार नाही, हा शब्द मंडळाने त्याला आधी द्यावा. त्या शब्दावाचून बटण असून नसल्यासारखेच, हे आम्ही कारखान्यात पुरते पाहिले आहे.