पुण्याच्या जुन्या पेठा



येत्या रविवारी आपल्या वर्गाची सहल पुण्याला निघणार आहे. पुणं मोठं शहर. सगळं एका दिवसात होत नाही. म्हणून आम्ही शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंतचा जुना भाग निवडला आहे. पायी होण्यासारखा आहे.

एस. टी. तून स्वारगेटला उतरलं की जमिनीखालच्या मेट्रोत बसायचं. ही गाडी तिथं २०२४ साली सुरू झाली. पहिलं स्थानक मंडई, दुसरं कसबा पेठ. आपण कसबा पेठेला उतरू. पाटी मराठीत आहे. कुणाला विचारू नका, आपली आपण वाचा.

शनिवारवाडा पहिल्या बाजीरावांनी बांधला. वास्तुशांत झाली १७३२ साली. पुढं १८२८ साली आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत होती. आता तट, दरवाजे आणि जोती उरली आहेत. दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे मात्र पाहा. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ते ठोकले. जवळच लाल महाल. आजची इमारत नवी आहे, पण शाहिस्तेखानाची बोटं १६६३ साली तुटली ती इथंच.

तिथून सरळ रस्त्यानं दगडूशेठ गणपतीला यायचं. दर्शन घेऊन सगळे निघून जातात. आपण समोर वळून पाहायचं. तिथं भिड्यांचा वाडा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी त्यात मुलींची शाळा काढली. शिकवायला जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण, चिखल फेकीत. बाई जास्तीचं लुगडं बरोबर नेत, ते नेसून शिकवीत. वाडा पुढं मोडकळीला आला. २०२३ साली स्मारकासाठी तो उतरवला. आपल्या वर्गातल्या बायांनी तिथं घटकाभर उभं राहावं, अशी आमची फार इच्छा आहे.

मग मंडई. आठ कोनांची, उंच मनोऱ्याची ही दगडी इमारत १८८६ सालची. तेव्हा तिला रे साहेबाचं नाव होतं. बांधायचा बेत निघाला तेव्हा जोतीराव नगरपालिकेत होते. त्यांनी विरोध केला. एवढा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. मंडई झालीच. आणि आज तिला नाव आहे महात्मा फुले मंडई! घाऊक व्यापार आता गुलटेकडीला गेला. इथं गाळ्यांवर किरकोळ भाजी मिळते. आपला माल शेवटी काय भावानं विकला जातो, ते दराच्या पाटीवर वाचून घ्या.

शेजारी तुळशीबाग. बांगड्या, तांब्यापितळेची भांडी, पोरांची भातुकली. गर्दीत पाकीट सांभाळा. घासाघीस चालते, लाजू नका. आत पेशव्यांच्या काळातलं राममंदिर आहे. खरेदीच्या नादात पुष्कळ लोक ते पाहायचं विसरतात.

भूक लागली की मिसळ खाऊ. पुण्याच्या मिसळीत पोहे असतात. नंतर मस्तानी, म्हणजे दाट दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा. एक दोघांत पुरते. बसण्याआधी भिंतीवरचा दर वाचावा, मगच सांगावं.

पाच वाजता सगळ्यांनी मंडईच्या मेट्रो स्थानकापाशी जमायचं. मुक्कामाची गाडी थांबत नाही.