पाऊस सरल्यावर वसईच्या वाडीतील कामे : आधी पाणी, मग खुरपे

(वसई परिसरातील बागायतदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नवरात्राच्या सुमारास पाऊस आपल्या भागातून काढता पाय घेतो. उत्तर कोकणातून मोसमी वारे साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततात आणि लगेच उन्हाचा चटका सुरू होतो. जमीन वरून सुकते, आतून ओली असते. घरामागच्या वाडीची बरीचशी कामे याच पाच-सहा आठवड्यांत उरकायची असतात. भाजीची रोपे, केळीचे मुनवे, माडाची खते ही कामे तुम्हाला नवीन नाहीत. म्हणून आज मी सुरुवात पाण्यापासून करणार आहे. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गिरीज या पट्ट्यात मे महिन्यात वाडी हिरवी राहणार की करपणार, हे ऑक्टोबरात आपण पाण्याचे काय करतो यावर बरेचसे अवलंबून असते.

बावखल म्हणजे काय, हे वसईकरांना सांगायला नको. परंतु हा मजकूर इतर जिल्ह्यांतही वाचला जाईल, म्हणून दोन शब्द. वाडीत खणलेले हे गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू मुरते आणि आसपासच्या विहिरींना पोचते. पूर्वी त्यावर रहाट बसवून केळीच्या आणि पानवेलीच्या बागा भिजवल्या जात. पुढे विजेचे पंप आले, नळ आले, जागेला सोन्याचा भाव आला आणि अनेक बावखले राडारोडा टाकून बुजवली गेली. आज ज्यांच्याकडे चार-पाच गुंठ्यांची वाडी उरली आहे त्यांनाही वाटते, बावखल बुजवले तर तेवढीच दोन गुंठे जागा मोकळी होईल. माझे स्पष्ट मत आहे की हा व्यवहार तोट्याचा आहे. त्याचे कारण जमिनीखाली आहे.

समुद्रकाठी गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण खारे पाणी जड असते. विहिरीतील पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ फूट वर असेल, तर ढोबळमानाने समुद्रसपाटीखाली ४० फुटांपर्यंत गोडे पाणी तोललेले असते. याचाच उलटा अर्थ असा, की उपसा करून पातळी १ फुटाने उतरवली तर खालचे खारे पाणी हळूहळू तितक्याच प्रमाणात वर सरकू लागते. एकदा विहीर मचूळ झाली की ती गोडी व्हायला एक पावसाळा पुरतोच असे नाही. १९९० च्या आसपास टँकरने होणाऱ्या बेसुमार उपशाविरुद्ध इथल्या लोकांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीतर्फे आवाज उठवला, त्यामागे हीच भीती होती. सूर्या प्रकल्पाच्या पाण्याने पिण्याचा प्रश्न पुष्कळसा हलका केला, पण माड आणि केळी काही नळाच्या पाण्यावर जगत नाहीत.

म्हणून पहिले काम हे, की पावसाळ्यात पाणी बाहेर जावे म्हणून उघडलेले चर आता बंद करावेत. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी तुंबले, तेव्हापासून अनेकांनी चर रुंद आणि खोल केले आहेत, ते योग्यच आहे. मात्र जोराचा पाऊस ओसरल्यावर ते तसेच उघडे राहिले तर परतीच्या पावसाचे पाणीही खाडीला जाते. मातीच्या पोत्यांचा आडवा बांध घालावा. एखादी मोठी सर आलीच तर दोन पोती काढायला किती वेळ लागतो? खाडीकडच्या वाड्यांनी बांध आणि उघाडीची झडपेही तपासून घ्यावीत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खारे पाणी फटीतून आत शिरते आणि खालच्या अंगाची केळी आधी पिवळी पडतात.

बावखलात जलपर्णी असेल तर ती याच वेळी काढावी. तिच्या पानांवाटे पाणी उडून जाते आणि ती कुजली की पाण्याला वास येतो. काढलेली जलपर्णी चार दिवस उन्हात सुकवून शेणाबरोबर थर देऊन खड्ड्यात कुजवावी, उत्तम खत होते. घरातले साबणाचे सांडपाणी बावखलात सोडू नये, ते अळूच्या आणि केळीच्या आळ्याकडे वळवावे. डासांची तक्रार नेहमी होते. त्यावर गप्पी मासे सोडणे हा साधा उपाय आहे. डासांसाठी बावखल बुजवणारे गृहस्थ गच्चीवरचे रिकामे डबे मात्र तसेच ठेवतात, हेही आम्ही पाहतो.

आता माडाकडे वळू. पूर्ण वाढलेल्या माडाला वर्षाला १ किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि १ किलो पालाश लागते. शेणखत आणि स्फुरद जूनमध्ये दिले असेल. नत्र व पालाश तीन समान हप्त्यांत द्यायचे असल्याने ऑक्टोबरचा हप्ता सुमारे ७२५ ग्रॅम युरिया आणि ५५० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश असा येतो. खत बुंध्याला चिकटून टाकू नये. बुंध्यापासून पाच-सहा फुटांपर्यंतच्या आळ्यात पसरून मातीत मिसळावे आणि जमिनीत ओल असतानाच द्यावे. त्यावर आच्छादन हवेच. झावळ्या, केळीची सुकी पाने, भाताचा पेंढा, काहीही चालेल. नारळाची सोडणे आळ्याच्या कडेला चर खणून पुरणार असाल तर त्यांची खोलगट बाजू वर ठेवावी, म्हणजे ती पाणी धरतात. अशी पुरलेली सोडणे पाच-सात वर्षे उपयोगी पडतात. सोडणे जमिनीवर पसरायची असल्यास मात्र पाठ वर करावी. पालापाचोळा गोळा करून जाळण्याची सवय आता सोडून दिली पाहिजे.

माडावर चढणारा माणूस हल्ली सहज मिळत नाही. तो नारळ उतरवायला आला की त्याच फेरीत शेंडा साफ करून घ्यावा. नवीन पानावर कात्रीने त्रिकोण कापल्यासारख्या खुणा दिसल्या तर गेंड्या भुंगा आहे असे समजावे. छिद्रात तारेचा आकडा घालून भुंगा बाहेर काढावा आणि वरच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू समप्रमाणात मिसळून भरावी. पूर्वी यासाठी बीएचसी पावडर वापरत. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे, कोणाच्या माळ्यावर जुना डबा असेल तर तो वापरू नये. हा भुंगा वाढतो शेणखताच्या खड्ड्यात. खड्डा हलवताना पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या दिसतात, त्या वेचून माराव्यात किंवा खड्ड्यात मेटारायझियम ही हिरवी बुरशी मिसळावी. शेजाऱ्याचा खड्डा तसाच राहिला तर तुमच्या मेहनतीला अर्धेच यश येते, म्हणून आळीतल्या सर्वांनी एकाच आठवड्यात हे काम करावे.

पावसात कोंब कुजण्याची सुरुवात झालेला माड असेल तर कुजका भाग खरवडून एक टक्का बोर्डो मिश्रण ओतावे. घरगुती प्रमाण असे : १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत, आणि मग एकत्र. मिश्रणात लोखंडी विळा बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

केळीत एक मातृवृक्ष आणि त्याचा एक मुनवा ठेवून बाकीचे जमिनीलगत कापावेत. करप्याने सुकलेली पाने काढून टाकावीत. पाने आखूड, अरुंद होऊन शेंड्याला गुच्छासारखी जमली असतील तर तो पर्णगुच्छ रोग आहे. असे झाड कंदासकट काढून नष्ट करावे, त्याचा मुनवा कोणालाही देऊ नये. सुकेळी करणारी घरे आता थोडी राहिली आहेत. ज्यांच्याकडे राजेळीचे जुने, निरोगी बेट आहे त्यांनी हा नियम विशेष कडकपणे पाळावा.

भाजीबद्दल थोडक्यात. माठ, मुळा, पालक दसऱ्यानंतर दर पंधरवड्याला थोडे थोडे पेरावे, एकदम नको. वांगी, मिरची, टोमॅटोची रोपे संध्याकाळी लावावीत. वाल अंगओलितावर येतो, त्याला पाण्याची ओढ सोसते. विहीर ज्यांची मचूळ होते त्यांनी भाजीचे वाफे कमी करून वाल वाढवावा, असे मी सुचवेन. गोगलगायींसाठी रात्री ओली गोणपाटे टाकून सकाळी त्याखालच्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. ते पाणी मात्र वाडीत ओतू नये. मोगऱ्याची छाटणी नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबवावी.

राहिले पाण्याचे परीक्षण. पंप दहा मिनिटे चालवून मग स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून भरावी. बाटलीवर विहिरीची खूण आणि तारीख लिहावी. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात अथवा जवळच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत चौकशी करून क्षारता तपासून घ्यावी. विद्युत वाहकता ०.७ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असेल तर पाणी उत्तम. ३ च्या वर गेली तर त्या पाण्यावर भाजी घेऊ नये. एक नमुना आता, ऑक्टोबरात, आणि दुसरा एप्रिलमध्ये त्याच विहिरीचा द्यावा. दोन्ही आकडे एकाच वहीत लिहून ठेवावेत. ज्यांच्या वाडीत बावखल आहे आणि ज्यांनी ते बुजवले आहे, अशा दोन शेजाऱ्यांनी आपापल्या वह्या पुढच्या वर्षी इथे घेऊन याव्यात.