आधी निरोप, मग गाडी
(वनगावांच्या मेळाव्यात आरोग्याच्या प्रश्नावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण दाव्यांचं बोललो, मोजणीचं बोललो. आता थोडं निरोपाचं बोलू. जमीन नावावर झाली, पण त्या जमिनीवरची बाई बाळंतपणात गेली, तर त्या कागदाचं करायचं काय?

आपल्या डोंगरात रेंज एकच, फॉरेस्टची! मोबाईलची रेंज पाहिजे तर टेकडी चढावी लागते. २०१४ सालापासून महाराष्ट्रात १०८ ची गाडी आहे. फोन लावला की तो पुण्याच्या कंट्रोल रूमला जातो, तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. सोय चांगली आहे, आपण तिला नावं ठेवत नाही. पण तिची सुरुवातच फोनपासून होते. फोन लागला नाही, तर तालुक्यात गाडी उभी असूनही आपल्याला तिचा उपयोग शून्य.

मग आपण काय करतो? झोळी बांधतो, चार गडी खांदा देतात, पायवाटेनं उतरतो. रस्त्याला लागल्यावर कुणीतरी फोन करतो आणि गाडी तेव्हा निघते. म्हणजे आपण चाललो तेवढा वेळ गाडी उभी, आणि गाडी चालली तेवढा वेळ आपण उभे. निरोप आधी गेला असता तर झोळी खाली उतरताना गाडी वर चढली असती. डांबरी जिथं संपते तिथं दोघांची गाठ पडली असती. बराच वेळ वाचला असता, आणि रस्त्याला एक खडीसुद्धा नवी टाकावी लागली नसती.

साहेब लोक म्हणतात, डोंगर आहे, आवाज जात नाही. हे खरं आहे का ते बघू. वायरलेसचा आवाज सरळ जातो, मध्ये डोंगर आला की अडतो, इथपर्यंत खरं. म्हणून उंच माथ्यावर एक यंत्र बसवतात. त्याला रिपीटर म्हणतात. ते एका दरीतला आवाज घेतं आणि जोर लावून दुसऱ्या दरीत सोडतं. आपला गुराखी मधल्या माथ्यावर उभा राहून एका पाड्याची हाक दुसऱ्या पाड्याला देतो, अगदी तसंच. सेट बॅटरीवर चालतो, बॅटरी सूर्याच्या पाट्यावर भरते. फॉरेस्टकडे वायरलेस आहे, पोलिसांकडेही आहे. त्यांचा आवाज याच डोंगरातून जातो ना? मग डोंगर आडवा येत नाही, हे सिद्ध झालंच की. लाकडाची खबर जाते त्या वाटेनं बाळंतिणीची खबरही जाऊ शकते.

आता एका दूरच्या मुलखाची गोष्ट ऐका. ऑस्ट्रेलियात आदिवासी हजारो वर्षांपासून राहतात. गोऱ्यांनी त्यांची जमीन घेतली आणि गुरांचे मोठमोठे वाडे उभे केले. एका वाड्यापासून दुसरा वाडा कोसच्या कोस लांब. जॉन फ्लिन नावाच्या पाद्र्यानं १९२८ साली क्लॉनकरी या गावातून विमानानं डॉक्टर पाठवायला सुरुवात केली. पण डॉक्टरला बोलवायचं कसं? वीज नाही, तार नाही. मग आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या माणसानं सायकलसारखी पेडलं मारून चालणारा रेडिओ बनवला. १९२९ पासून तो वाड्यांवर बसू लागला. आधी नुसती तारेसारखी टिकटिक, पुढे तोंडानं बोलता येऊ लागलं. १९४२ पासून औषधांच्या पेट्या दिल्या. प्रत्येक औषधाला नंबर. डॉक्टर रेडिओवर सांगायचा, अमुक नंबरचं औषध इतकं द्या. विमान पोचायच्या आधी इलाज सुरू!

पण यातली मेख बघा. सुरुवातीचे सेट कुठं बसले? गुरांच्या मालकांच्या घरी आणि मिशनांत. आदिवासी आजारी पडला तर दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहणार. सेट ज्याच्या हातात, हाक त्याचीच. पुढे १९७० नंतर तिथले आदिवासी आपापल्या मूळ जमिनीवर परत जाऊन वस्त्या करू लागले. त्यांच्या एका भागासाठी १९७६ साली जमीन हक्काचा कायदाही झाला. त्या दूरच्या वस्त्या टिकायला पाणी लागलं, आणि दवाखान्याशी बोलायला स्वतःचा रेडिओ लागला. जमिनीचा हक्क आणि निरोपाचा हक्क तिथं जोडीनं चालले.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? वन हक्क कायदा २००६, कलम ३(२). वनजमिनीवर गावाच्या १३ सोयी करता येतात. दवाखाना त्यात आहे, रस्ता आहे, वीज आणि दूरसंचाराच्या लाईनी आहेत, सूर्याच्या विजेसारखी साधनंही आहेत. अट अशी, की एका सोयीला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ च्या वर झाडं पाडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. तेव्हा "जंगल आहे, परवानगी मिळणार नाही" असं कुणी म्हटलं की हे कलम पुढे ठेवा.

वायरलेसला केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याचा परवाना लागतो. तो आपण घरोघर काढत बसायचं नाही. आरोग्य खात्यानं काढावा, आणि सेट गावात द्यावा. आपली मागणी चार गोष्टींची आहे.

एक, जिथं फोन लागत नाही अशा प्रत्येक गावात आशाताईकडे सेट, आणि त्याची जबाबदारी ग्रामसभेवर.

दोन, आरोग्य केंद्र, गाडी आणि ग्रामीण रुग्णालय एकाच चॅनलवर. वाटेतच कळलं पाहिजे की पुढे डॉक्टर आहे का, रक्त आहे का. नसेल तर गाडी तिथं न थांबता सरळ पुढे जाईल. झटके येत असतील तर बाईला डाव्या कुशीवर झोपवा, एवढं डॉक्टरनं सेटवर सांगितलं तरी वाटेत जीव धरून राहतो.

तीन, सेटवर एकानं बोललेलं सगळे ऐकतात. म्हणून बाईचं नाव घ्यायचं नाही. गाव, वय, कितवा महिना, त्रास काय, एवढंच बोलायचं. पलीकडच्यानं ते परत म्हणून दाखवायचं.

चार, दोन्ही टोकांना वही. हाक किती वाजता दिली, उत्तर किती वाजता आलं, गाडी कधी निघाली, सगळं लिहायचं. मग "आम्हाला कळवलंच नाही" असं कुणाला म्हणता येणार नाही. दाव्यात जसा पुरावा लागतो, तसा इथंही लागतो.

पुढच्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं ठराव घ्यावा. ठरावात लिहा: फोन कुठं लागतो, डांबरी कुठं संपते, झोळीला तिथवर किती वेळ लागतो. नुसतं "सोय नाही" लिहू नका, चालून मोजा आणि लिहा. सगळ्या गावांचे ठराव एकत्र करून आपण मोर्चानं ते कलेक्टर कचेरीत देऊ.

जंगल आपलं, जमीन आपली, आणि हाकही आपली. ती ऐकली गेलीच पाहिजे.

जिंदाबाद!