शिक्षेला शेवट असावा
(ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं प्रथम मला एका जुन्या चुकीची कबुली द्यावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतां सणाच्या व्यवस्थेसाठीं मंडळ नेमावयाचें होतें. तुरुंगाची शिक्षा पुरी भोगून परतलेल्या एका गृहस्थाचें नांव कोणी सुचविलें. "लोक काय म्हणतील?" असा विचार करून मीं तें वगळलें. सणाच्या दिवशीं ते गृहस्थ मंडपाबाहेर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांस पाणी देत होते. त्यांच्या हातचें पाणी मीही प्यालों आणि मान खालीं घातली. न्यायाधीशानें दिलेली शिक्षा संपली होती. तिच्यांत मीं माझी भर घातली होती.

हा प्रश्न एका गांवापुरता नाहीं. अमेरिकेंतील फ्लोरिडा राज्यापुढें तो मताधिकाराच्या रूपानें उभा राहिला. तेथें १८६८ च्या राज्यघटनेपासून गंभीर गुन्ह्याबद्दल दोषी ठरलेल्या मनुष्याचा मताधिकार जात असे, व शिक्षा भोगून झाली तरी तो आपोआप परत मिळत नसे. राज्यकर्त्यांकडे अर्ज करावा व त्यांच्या मर्जीची वाट पाहावी, एवढाच मार्ग उरे. गुलामगिरी संपून तेव्हां थोडींच वर्षें झालीं होतीं; ह्या नियमाचा भार कृष्णवर्णीयांवर विशेष पडला. २०१६ च्या एका अंदाजाप्रमाणें तेथील प्रौढ कृष्णवर्णीयांपैकीं पांचांत एकाहून अधिक जण मताला मुकलेले होते.

डेसमंड मीड हे अशांपैकींच एक. शिक्षा भोगून ते पुढें कायद्याचे पदवीधर झाले. तरी २०१६ सालीं त्यांची पत्नी विधिमंडळासाठीं उभी राहिली, तेव्हां तिला मत देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं साडेसात लाखांहून अधिक सह्या मिळवून घटनादुरुस्तीचा प्रश्न लोकांपुढें ठेविला: खून व लैंगिक अत्याचार हे गुन्हे वगळून इतरांना, शिक्षा पुरी होतांच, मत परत मिळावें. नोव्हेंबर २०१८ मध्यें शेंकडा ६४ हून अधिक मतें अनुकूल पडलीं. शेंकडा ६० पुरेशीं होतीं. सुमारें १४ लक्ष माणसांना दार उघडलें, असें वाटलें.

परंतु २०१९ सालीं विधिमंडळानें कायदा केला कीं, दंड, न्यायालयाची फी व नुकसानभरपाई ह्यांची बाकी फिटल्यावांचून शिक्षा पुरी झाली असें समजूं नये. कोणाकडे किती बाकी, ह्याची एकत्र नोंद खुद्द सरकारजवळही नव्हती. तरी २०२० सालीं अपील न्यायालयानें तो कायदा कायम ठेविला.

ज्याचें नुकसान झालें त्याला भरपाई नको काय, असें कोणी विचारील. अवश्य हवी. जक्कयानेंही चौपट परत देण्याचें कबूल केलें. परंतु ती रक्कम हातीं पडेपर्यंत प्रभु त्याच्या दारीं तिष्ठत राहिला नाहीं. तो आधीं घरांत गेला. कर्ज हें कर्जासारखें वसूल करावें. एकाच गुन्ह्याची सारखीच शिक्षा भोगलेल्या दोघांपैकीं श्रीमंताला मत मिळतें व गरीब बाहेर राहतो, ह्याला न्याय कसें म्हणावें?

आपणही फार अभिमान बाळगूं नये. आपल्या १९५१ च्या कायद्याप्रमाणें तुरुंगांतून सुटलेला मनुष्य पुन्हां मत देऊं शकतो, हें चांगलें आहे. पण जो आंत आहे त्याला मत नाहीं, मग त्याच्यावरचा आरोप अद्याप सिद्ध झालेला नसला तरीही. ज्याला जामीन मिळाला व भरतां आला तो मतदानास जातो; ज्याजवळ पैसा नाहीं तो कोठडींत राहतो. अमेरिकेंतील मेन व व्हर्मांट ह्या दोन राज्यांत मात्र शिक्षा भोगणारा कैदीही मत देतो, आणि म्हणून तीं राज्यें बुडालेलीं नाहींत.

बंधुभगिनींनो, ज्युबिली म्हणजे काय? जुन्या करारांतील त्या पन्नासाव्या वर्षीं दास मुक्त होत आणि प्रत्येक जण आपल्या वतनास व आपल्या कुळांत परत जाई. नुसतें सुटणें पुरेसें नव्हे. परतण्यास जागाही हवी. ती देणें कांहीं अंशीं कायद्याच्या हातीं आहे, कांहीं अंशीं आपल्या. तुरुंगांतून कोणी परत आला, तर मतदारांच्या यादींत त्याचें नांव आहे कीं नाहीं हें त्याच्यासोबत जाऊन पाहा. मंडळें नेमाल तेव्हां त्याला विचारा. आणि तो मंडपाबाहेर उभा दिसला, तर त्याच्या हातचें पाणी पिऊन पुढें जाऊं नका. त्याचा हात धरून त्याला आंत आणा. मला त्या दिवशीं तें साधलें नाहीं. तुम्हांला तें साधो, हीच आजच्या दिवशीं प्रभुचरणीं माझी प्रार्थना.