पाचशे कोटींचा हिशेब

1980 साली न्यूयॉर्कमध्ये मार्व्हलच्या कचेरीत एका वादाला तोंड फुटलं. ‘एक्स-मेन’ कॉमिकच्या 135व्या अंकात फिनिक्स नावाच्या विश्वशक्तीने झपाटलेली नायिका जीन ग्रे भुकेपोटी अख्खा तारा गिळते. त्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर डी’बारी नावाचे, शतावरीच्या कोंबासारख्या डोक्याचे लोक राहत असतात. पाचशे कोटी जीव जळून खाक! लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांनी ठरवलं होतं की जीनच्या शक्ती काढून घ्यायच्या आणि तिला जिवंत ठेवायचं. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले: एवढ्या संहाराला एवढीच शिक्षा? मग 137वा अंक नव्याने रचला गेला. जीन चंद्रावर, प्रियकर स्कॉटच्या डोळ्यांदेखत, स्वतःहून मरण पत्करते. टाकून दिलेला शेवट 1984 साली वेगळा छापला. तो वाचला की शूटर बरोबर होते हे पटतं. संपादकाला धन्यवाद देण्याचे प्रसंग लेखकांच्या आयुष्यात कमीच येतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

रूपांतर मूळ गोष्टीला किती धरून आहे, याची मोजदाद चाहते करतच असतात. मी एवढंच विचारणार: त्या पाचशे कोटींचं काय झालं?

1994 साली फॉक्स वाहिनीवरच्या कार्टून मालिकेने ही कथा आधी पाच आणि नंतर चार भागांत सांगितली. अंतराळातलं शिआर साम्राज्य, चंद्रावरचं द्वंद्व, सगळं जागच्या जागी. चित्रात आकाशगंगा काढा की दिवाणखाना, खर्चात फारसा फरक पडत नाही. म्हणून कथेचा पसारा कार्टूनला पेलला. पण प्रेक्षक शनिवारी सकाळी टीव्हीपुढे बसलेली मुलं. तिथे खलनायकांच्या हेलफायर क्लबचं नावसुद्धा बदलावं लागलं, तर पाचशे कोटी मुडदे कुठून चालणार? जीन तारा गिळते, पण भोवतालचे ग्रह निर्जन! शेवटी ती मरते, स्कॉट आपला जीव द्यायला पुढे होतो, आणि प्रत्येकाकडून थोडं थोडं आयुष्य घेऊन तिला उठवलं जातं. गुन्हाच नाही, तर शिक्षा कसली? तरी कार्टूनला एकट्याला दोष देता येत नाही. खुद्द मार्व्हलने 1986 साली जाहीर केलं की तारा गिळणारी ती जीन नव्हतीच. खरी जीन न्यूयॉर्कच्या जमेका उपसागराच्या तळाशी एका कोषात निजली होती. प्रकाशकानेच हात झटकले.

हाडामांसाच्या नटांचा चित्रपट आला 2006 साली, ‘द लास्ट स्टँड’. इथे अंतराळ नाही, तारा नाही. दीडपावणेदोन तासांत फिनिक्सची कथा आणि जन्मतः शक्ती लाभलेल्या म्यूटंटांवरच्या औषधाची वेगळी कथा कोंबलेली. संहाराच्या जागी ओळखीच्यांचे मृत्यू आले. स्कॉट तर सुरुवातीलाच जातो. त्याचा चष्मा हवेत तरंगताना तेवढा दिसतो. एक्स-मेनचे गुरू प्रोफेसर झेवियर यांचा चेहरा मात्र कणाकणाने विरताना आपण पाहतो, आणि तिथे खुर्चीत अवघडायला होतं. हे बळ जिवंत चेहऱ्याचं. त्या कार्टूनला ते कधी साधलं नाही. पण शेवट पाहा. फामके यान्सेनची जीन विनवते आणि तिचा सहकारी वुल्व्हरिन तिला नख्यांनी मारतो. कॉमिकमध्ये निर्णय तिचा होता. कार्टूनने मरण पुसलं तरी निर्णय तिच्याकडेच ठेवला होता. चित्रपटाने तो काढून पुरुषाच्या हातात दिला. मला हा बदल तारा गाळण्यापेक्षा जास्त खटकतो.

या चित्रपटाच्या दोन पटकथालेखकांपैकी सायमन किनबर्ग यांनी 2019 साली ‘डार्क फिनिक्स’ स्वतः लिहिला आणि दिग्दर्शित केला. अंतराळातला शेवट बदलून तो रेल्वेगाडीत आणला. ते एक वेळ सोडून देऊ. यात डी’बारी चक्क पडद्यावर येतात! त्यांचा ग्रह फिनिक्सशक्तीने, जीनला स्पर्श करण्याआधीच, भाजून काढलेला आहे. म्हणजे जीन त्या पापातून मोकळी. आणि ज्यांनी फिर्यादी म्हणून उभं राहायला हवं होतं, ते वाचलेले डी’बारी वेषांतर करून पृथ्वी बळकावायला निघालेले खलनायक आहेत. नायक त्यांना गाडीच्या डब्याडब्यांत मारत सुटतात.