रोजकीर्द जपा!

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



आपल्या सोसायटीचे हिशोब आता कॉम्प्युटरवर आहेत. ‘बॅकअप रोज होतो, काळजी नाही,’ असं खजिनदार म्हणाले, तेव्हा मला माझीच एक चूक आठवली. ती आज सांगतो.

मी एका कारखान्याचा ओरॅकल डेटाबेस सांभाळत होतो. कारखाना रात्रंदिवस चालू, म्हणून बॅकअपही काम चालू असतानाच घ्यायचा. याला ऑनलाइन बॅकअप म्हणतात. आता समजा, नोंदी चालू असतानाच खतावणीची झेरॉक्स काढली. पहिलं पान रात्री 10 ला, शेवटचं 1 ला. मधल्या वेळातल्या व्यवहाराची एक बाजू झेरॉक्समध्ये येईल, दुसरी राहून जाईल. ही प्रत जुळवायची तर त्या तीन तासांची रोजकीर्द हवीच. डेटाबेसमध्ये ही रोजकीर्द म्हणजे आर्काइव्ह लॉग.

एका रविवारी रात्री बॅकअप झाला. सोमवारी सकाळी डिस्क भरत आलेली. बॅकअप झालाय, मग जुने लॉग कशाला, म्हणून मी रात्रीचे लॉग पुसून टाकले. बुधवारी सकाळी डेटा फाइलींची डिस्कच गेली. बॅकअप उतरवला, पण डेटाबेस उघडेना. फाइलला अजून रिकव्हरी हवी, एवढंच तो सांगत होता. मागितलेला लॉग कधीकधी आर्काइव्ह व्हायचा असतो आणि चालू रीडो लॉगमध्ये सापडतो. तिथे पाहिलं. पण हवा होता तो रविवार रात्रीचा, मी पुसलेला.

मधला एक लॉग नसला की पुढचे असूनही लावता येत नाहीत. शेवटी आधीच्या आठवड्याचा बॅकअप घेतला. लॉग रोज संध्याकाळी टेपवर जात, त्यामुळे रविवार संध्याकाळपर्यंत पोचलो. पुढची सगळी चलनं कारकुनांनी कागदावरून पुन्हा चढवली. मला कोणी एक शब्द बोललं नाही. तेच जास्त लागलं.

मोठ्यांचंही असंच होतं. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब कंपनीत चुकून मुख्य डेटाबेसचा डेटा पुसला गेला. नेहमीचा बॅकअप शोधला, तर प्रोग्रामची आवृत्ती न जुळल्याने तो होतच नव्हता, आणि तसं कळवणारे ईमेलही पोचत नव्हते. योगायोगाने सुमारे 6 तास आधी कुणीतरी हाताने घेतलेली प्रत होती, म्हणून निभावलं.

तेव्हा कमिटीला विनंती एकच. दर सहा महिन्यांनी बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा. दोन-चार फ्लॅटची थकबाकी आणि बँकेची शिल्लक छापील हिशोबाशी ताडून पाहा. जुळलं, तरच बॅकअप आहे म्हणा. पहिल्या खेपेला मी येऊन बसतो. रविवार चालेल.